पहिला ओरखडा

"तिथं हात फिरव," सिस्टर आपल्या मुलाला म्हणाल्या. "असा नाही. आधी ही प्लॅस्टिकची पिशवी हातात घाल, तिच्यातून बारीक कणही हाताला कळतात."

मुलाने नाइलाजाने पिशवीतला हात बॉनेटवरून फिरवला. दिसायला चकचकीत असलेला रंग हाताला मात्र खरखरीत लागला. गाडी कोरी करकरीत होती, पण विक्रेत्याच्या आवारात उघड्यावर उभी असताना शेजारच्या कारखान्यातला लोखंडाचा कीस उडून तिच्यावर बसला होता. साबणाने तो काही निघेना.

"मग गॅरेजला देऊ ना. नाहीतरी मी न्यायलाच आलोय. माझ्याकडे राहील गाडी. तुला कुठं जायचं असेल तेव्हा फोन कर, मी येईन."

सिस्टर नुसत्या हसल्या. जन्मभर वॉर्डात राबलेल्या या बाईला गल्लीतली शेंबडी पोरंही सिस्टरच म्हणत. आधी नवऱ्याची स्कूटर, मग हॉस्पिटलची गाडी, मग मुलाची सवड. त्यांचं आयुष्य कुणाची तरी वाट बघत फाटकाशी उभं राहण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर त्या ड्रायव्हिंग शिकल्या आणि कुणालाही न विचारता गाडी घेऊन मोकळ्या झाल्या. मुलाला तेच झोंबलं होतं.

त्यांनी साबणाचं पाणी शिंपडलं आणि असे कण ओढून घेणारी खास मऊ मातीची वडी हलक्या हाताने बॉनेटवर फिरवायला घेतली. रंग हळूहळू गुळगुळीत होत गेला. मुलगा हाताची घडी घालून उभा होता. मदत काडीची नाही, सल्ले मात्र पोतंभर.

गाडीच्या दाराशी आल्यावर माती हातातून निसटून जमिनीवर पडली. पडलेली माती पुन्हा वापरायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. पण मुलगा बघत होता, आणि त्याच्यासमोर चूक कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ती चटकन उचलून दारावर फिरवली. मातीत रुतलेल्या खड्याने वीतभर ओरखडा उमटवला.

"बघ! हेच म्हणत होतो मी. रस्त्यावर यायच्या आधीच वाट लावलीस. दे ती किल्ली."

सिस्टरांना रडू फुटेलसं वाटलं. कोऱ्या रंगावरचा तो चरा डोळ्यांत खुपत होता. मग त्यांना रागच आला, थेट मस्तकात गेला.

"पडला ओरखडा. माझ्या गाडीवर, माझ्या हातून. आणखीही पडतील. किल्ली नाही मिळायची."

"आई, हट्ट करू नकोस."

"करणार. बाजूला हो, पाय चाकाखाली येईल."

त्यांनी गाडीवर बादलीभर पाणी ओतलं, ओल्या हातांनीच आत बसल्या आणि गाडी फाटकाबाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी ती गचका खाऊन बंद पडली. मुलगा धावत सुटला. तो पोचायच्या आत गाडी पुन्हा सुरू झाली आणि वळली.