उमेदवाराची बाजू

इस्पितळाच्या जागेवर उमेदवाराने दुकानं बांधली, ही बातमी तयार होती. पण त्याची बाजू मिळाल्याशिवाय छापायची नाही, असा संपादकांचा दंडक होता आणि अंक छपाईला जायची वेळ झाली होती. बातमीदार बाई दुपारपासून फोन लावत होत्या. दर वेळी त्याचा मेहुणाच उचलून म्हणे, "दाजी सभेत आहेत."

आता मात्र भारदस्त आवाज आला. "मी स्वतः बोलतोय. दुकानं माझी नाहीतच. छापा."

"मिळालं ना?" संपादक म्हणाले. "द्या पाठवून."

बाई अडखळल्या. सकाळच्या सभेत उमेदवाराचा घसा पार बसलेला त्यांनी ऐकला होता. "माझं चुकतही असेल, पण हा तो नव्हे."

"आता थांबलो आणि तुमचं चुकलं, तर उद्याचा अंक बातमीविना जाईल."

बाईंनी उमेदवाराच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. बाईंनी मघाच्या फोनबद्दल विचारलं.

"आमचे बंधुराज बोलले असतील. निवडून यायची घाई त्यालाच जास्त. हे इथे गुळण्या करतायत. थांबा, देते."

गुळणी थुंकल्याचा आवाज आला. संपादक खुर्चीतून उठून उभे राहिले. मग घोगरी कुजबुज आली, "दुकानं माझीच. जागा इस्पितळाची, हे ठाऊक नव्हतं. लिहा तसं."

बाईंनी लिहून घेतलं आणि कागद संपादकांपुढे सरकवला. तेवढ्यात मोबाईल वाजला. तोच भारदस्त आवाज होता.

"मघाचं छापताय ना?"

"छापते की," बाई म्हणाल्या. "फक्त तुमचं नाव सांगा."

फोन बंद झाला.