अठरा की एक्क्याऐंशी

पऱ्यात चार दगड. तिसरा हलतो.

*

‘आजीला विश्रांती, तरुणाईला संधी!’ गुलाबी कागद, लांज्यात छापलेला, पाचशे प्रती.

*

त्या साली मुंबईहून रत्नागिरीला थेट आगगाडी येऊ लागली. उंबरकोंडच्या अलीकडवाडीतून पलीकडवाडीत जायला मात्र पावसात डोंगराला वळसा घालून दीड तासच लागत राहिला.

*

रत्नागिरीत कैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा वारल्याची बातमी १९१६ साली गावात आली तेव्हा एका घरात बारसं चाललं होतं. बातमी ऐकून बायका थांबल्या. मग पाळणा पुन्हा हलवला.

*

अनुक्रमांक २१४. स्त्री. वय १८.

*

मिश्री ओली होऊ नये म्हणून ती कागदात बांधायची. कागद जाड असला तर बरा.

*

हे सगळं एकाच बाईचं आहे. आता क्रमाने.

सगुणा काशीराम शिगवण ही उंबरकोंडची सुईण. होती, असं म्हणायला हवं, कारण चार वर्षांपूर्वी तिने ते काम सोडलं होतं. पण गावात चाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाला जन्मल्याबरोबर पहिली चापट तिनेच मारलेली. त्यामुळे तिच्यासमोर कुणी फार ताठ उभं राहत नसे. न जाणो, दुसरी बसायची.

गावाच्या दोन वाड्या, आणि मधे पऱ्या. उन्हाळ्यात त्यात कावळ्याचे पाय भिजत नाहीत. पावसात तो असा फुगतो की पलीकडचा माणूस ओरडतो आहे की गातो आहे ते कळत नाही. अडलेली बाई असली तर खुर्चीला बांबू बांधून डोली करायची आणि चौघांनी खांद्यावरून डोंगराला वळसा घालून न्यायची. अठरा वर्षांपूर्वी सगुणाची सून घाईत होती. वळसा नको म्हणाली आणि दगडांवरून निघाली. तिसऱ्या दगडावर पोहोचली आणि तिथेच बसली. पाणी घोट्याला लागत असताना सगुणाने नातीला बाहेर काढलं. ती शमिका. ती अलीकडवाडीची की पलीकडवाडीची, यावर गावात अजून एकमत नाही.

त्या दिवसापासून सगुणाला एक गोष्ट हवी होती. पऱ्यावर साकव. मोठा पूल नाही, रस्ता नाही. दोन माणसं शेजारून जातील एवढा साकव. पंचायतीने तीनदा ठराव केला आणि तीनदा तो ‘पावसाळ्यानंतर’ या शब्दावर येऊन थांबला. उंबरकोंडात पावसाळ्यानंतर भात कापतात, मग झोडतात, मग शिमगा येतो, मग आंबा. मग पुन्हा पावसाळा.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर निवडणूक लागली. प्रभाग दोनची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि सगुणा म्हणाली, “मी हुबी र्‍हाते.”

लोक हसले. मग ती हसत नाही हे पाहून थांबले.

समोर होती राही पाष्टे, वय सत्तावीस, बारावी पास, बोलायला चुणचुणीत. तिचा नवरा अनिल काजूचा टेम्पो चालवायचा. टेम्पोवर कर्णा बांधून प्रचाराला सुरुवात त्यानेच केली. गुलाबी पत्रकही त्याचंच. शमिकाने ते आजीला वाचून दाखवलं.

“आजी, ते तुला विश्रांती देतायत.”

“कुटं? किती दिस?”

“कायमची गो. ऐक. ‘एक्क्याऐंशी वर्षांच्या आजीबाईंनी आता नातवंडं सांभाळावीत. गावाला हवं तरुण रक्त.’”

“तरुण रक्त,” सगुणा म्हणाली. “मी लई बगितलंय. सगळ्यांचं लालच असतं. बग, कागद जाड हाय का?”

कागद जाड होता. तिने त्यात मिश्री बांधली आणि पुडी चंचीत टाकली.

*

छाननीच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत पंखा फिरत होता, वारा येत नव्हता. निवडणूक अधिकारी तरुण, चष्मेवाला. सगुणाच्या बाजूने दत्तात्रेय गुरुजी आले होते. निवृत्त शिक्षक, अर्ज त्यांनीच भरलेला. अक्षर असं सुरेख की नाकारायला जिवावर यावं.

“सगुणा काशीराम शिगवण. कुणाची हरकत?”

“आहे साहेब,” अनिल उभा राहिला. त्याच्या हातात मतदार यादी होती. “उमेदवाराचं वय एकवीस पूर्ण नाही.”



अधिकाऱ्याने यादी पाहिली. अनुक्रमांक २१४, वय १८. मग त्याने सगुणाकडे पाहिलं. मग पुन्हा यादीकडे. कुठेतरी कुणीतरी आकडे उलटे लावले होते, आणि छापलेलं ते सरकारी झालं होतं.

“अनल्या,” सगुणा म्हणाली, “पंदरा दिस कर्ण्यावरनं माजी म्हातारी करतोस, आणि हितं पोर? एकदा ठरव बाबा. मना पन कळूदे, लगीन करायचं की काशीला जायचं.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. अनिल लाल झाला, पण बसला नाही. “कायद्याने यादीत आहे तेच खरं.”

“आजी, वयाचा काही पुरावा? जन्माचा दाखला? शाळेचा?” अधिकाऱ्याने विचारलं.

“साळा तवा गावात नव्हती. थिबा राजा वारला तवा माजं बारसं झालं.”

“त्याचा काही कागद आहे?”

“राजाचा? त्याच्या घरी आसंल.”

गुरुजी पुढे झाले. “साहेब, तुम्हाला समोर दिसतंच आहे.”

“गुरुजी, मला दिसतंय. पण ‘मला दिसतंय’ असं मला लिहिता येत नाही. कागद द्या.”

गुरुजींनी पिशवी उलटीपालटी केली. कागद पुष्कळ होते, वय कशावरच नव्हतं.  अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते या उलट्या आकड्यात बुडणार. अशा वेळी ती जे करायची तेच तिने केलं. चंची सोडली, पुडी काढली आणि चिमूटभर मिश्री दातांना लावायला घेतली. दात दोनच होते, पण सवय बत्तीस दातांची.

गुरुजींची नजर पुडीवर गेली. गुलाबी पुडी.

“सगुणाबाई, ती मिश्री जरा दुसरीकडे ओता.”

“कुटं ओतू?”

“माझ्या हातात ओता!”

अधिकाऱ्याने काळ्या भुकटीने माखलेला कागद दोन बोटांनी धरला आणि वाचला. मग तळाची बारीक अक्षरं वाचली. “प्रकाशक, अनिल पाष्टे. हे तुम्हीच छापलंत?”

“…हो.”

“‘एक्क्याऐंशी वर्षांच्या आजीबाई.’ हे खरं आहे?”

अनिलने हातातली यादी घडी केली.

“खरं असेल तर हरकत घेणाऱ्यानेच वय लिहून दिलेलं आहे, अर्ज वैध. खोटं असेल तर मतदारांना खोटी माहिती छापून वाटल्याचं आपण बघू.”

सगुणा अनिलकडे वळली. आवाज मऊ होता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. “सांग रे अनल्या. तू कोयनेच्या भूकंपाच्या पहाटंचा. घर हाललं आणि तू आलास. तुज्या आयला वाटलं, तुज्यामुळंच हाललं. तुजं वय मी कुनालापन सांगीन. माजं तू सांग.”

“एक्क्याऐंशी,” अनिल पुटपुटला.

“मोठ्याने. नोंदवायचं आहे.”

“एक्क्याऐंशी!”

अर्ज वैध ठरला. फक्त अधिकारी म्हणाला, फाईलला लावायला मिश्री नसलेली एक प्रत हवी. अनिलच खाली गेला आणि टेम्पोतून कोरं पत्रक घेऊन आला.

*

चिन्हं मिळाली. राहीला कपबशी. सगुणाला छत्री, उघडलेली. “बरं झालं,” सगुणा म्हणाली, “मिटलेली दिली आसती तर लोक म्हनले आसते, म्हातारीची काठी.”

*

मतदानाच्या तीन दिवस आधी देवळाच्या सभामंडपात दोन्ही उमेदवारांना एकत्र बोलावलं होतं. पहिली राही बोलली. “आजींच्या वयावर मी बोलणार नाही. ते ह्यांनी छापलं, मला न विचारता. मी माझं सांगते. मला नळ आणायचा आहे. आणि मला वाचता येतं, कागद माझ्यापासून लपवता येणार नाहीत.” टाळ्या पडल्या. सगुणानेही वाजवल्या. मुलगी चांगली होती, हीच तर पंचाईत होती.

मग सगुणा उभी राहणार तेवढ्यात गुरुजी उठले. तिच्याच बाजूचे गुरुजी.

“सगुणाबाई, अर्ज मी भरला. पण मत देण्याआधी मला विचारलंच पाहिजे. अनिलने थट्टा केली, ती चूक. पण थट्टेच्या आत एक प्रश्न आहे, तो चूक नाही. पाच वर्षांची मुदत आहे. तुम्हाला कमी दिसतं. परवा तुम्ही मला माझ्या भावाच्या नावाने हाक मारलीत. उद्या कुणी समोर कागद ठेवला आणि तुम्ही अंगठा दिलात, तर?”

 शमिकाने आजीचा हात धरला. 

सगुणाला राग आला नाही. आला असता तर बरं, असं तिला वाटलं. रागात उत्तर चटकन सुचतं. ती शमिकाचा हात सोडून उभी राहिली.

“गुरुजी बरोबर बोलतात,” ती म्हणाली. “डोळ्यांनी कमी दिसतं. पन साकव नाय, ह्ये दिसायला चष्मा लागत नाय. नावं चुकतात. गुरुजी, तुमचा भाऊ तुमच्यापेक्षा देखना व्हता, म्हनून तोंडात त्याचं नाव आलं.”

हशा झाला. गुरुजीही हसले.

“आता खरं सांगते. चार वर्षांमागं विठूच्या सुनेची नाळ कापताना माजा हात थरथरला. कुनी बगितलं नाय. पोर ठीक, आय ठीक. मी घरी आले, सुई-दोरा काढला आणि सूत ओवून बगितलं. तीनदा चुकलं. त्या दिवसापासनं मी एका बाळंतिनीला हात लावला नाय. कुनी सांगितलं न्हवतं. गाव म्हनत व्हतं, ये गो आजी. मी नाय गेले. दवाखान्यात न्या म्हनले.”

तिने पदर खोचला. 

“मना थांबायचं कळतं. किती तरन्या मानसांना कळतं, सांगा. साकवाच्या कामाला हात थरथरला तरी चालतो, डोकं हालून चालत नाय. ज्या दिवशी ते हालंल त्या दिवशी मी उटून जाईन, आणि कागद शमिका वाचंल, नायतर ही राही वाचंल. पाच वर्षं म्हनता? मी दोन वर्षांत ग्येले तर दोन वर्षांचं काम करून जाईन. तरने लोक तर पाचव्या वर्षी सुरू करतात.”

“आणि त्यातही पावसाळ्यानंतर!” मागून एक जण ओरडला, आणि सभामंडप फुटला. राही पदराआड हसत होती. अनिल मात्र खांबाला टेकून हाताची बोटं मोडत उभा होता.

*

मतदान. केंद्रावरचा कारकून बाहेरगावचा. मान वर न करता त्याने पुकारलं, “दोनशे चौदा, सगुणा काशीराम शिगवण, वय अठरा.”

रांगेतून कुणीतरी बारीक शिट्टी मारली.

“पयल्यांदाच मत देते हां,” सगुणा म्हणाली. “शाई जपून लाव बाबा.”

मागे शमिका उभी होती, खरी अठरा वर्षांची. कारकुनाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो एवढा गोंधळला की त्याने शाई स्वतःच्या बोटाला लावली.

*

छत्री १४७. कपबशी १३६.

गुलाल उधळला गेला. सगुणाने मूठभर घेतला आणि सरळ अनिलपाशी गेली. तो वाकला. तिने कपाळाला लावला आणि पाठीत एक चापट मारली. “ही दुसरी,” ती म्हणाली.

साकव दोन हजार सालच्या मेमध्ये झाला. दोन माणसं शेजारून जातील एवढा. पहिलं पाऊल कुठल्या वाडीने टाकायचं यावर भांडण लागलं, तेव्हा शमिकाला बरोबर मधे, तिसऱ्या दगडाच्या वर उभं केलं आणि दोन्ही वाड्या एकदम तिच्याकडे चालत आल्या. सगळ्यात पुढे धावलेली पलीकडवाडीची गंगाकाकू तिच्या अंगावर पडता पडता वाचली.

त्यानंतर दोन वर्षांनी एका ठरावावर अंगठा देताना सगुणाला आपण काय ऐकलं ते आठवेना. तिने शाई लावलेला अंगठा पुसला, गुरुजींकडून राजीनामा लिहून घेतला आणि पोटनिवडणुकीत राहीच्या अर्जावर सूचक म्हणून पहिला अंगठा स्वतः दिला. अनिलने तेव्हा पत्रक छापलं नाही. यादीत सगुणाचं वय बावीस होतं.

अठ्ठ्याण्णव साली, अर्ज भरायच्या आदल्या सकाळी, पाय अजून साथ देतात का ते बघायला सगुणा एकटी पऱ्यावर गेली, तिसऱ्या दगडावरून घसरली, लुगडं कमरेपर्यंत भिजलं, आणि ती उठून चौथ्या दगडावर गेली.