दुसऱ्या गाडीचे दार

मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे, मित्रांनो. रंग गडद हिरवा, नंबर बावन्न, बनावट इंग्लंडमधल्या लिंकनशायरची. तुम्ही काचेला नाक लावून आत बघता आणि विचारता, "ही किती जोरात पळते?" खरे सांगू? माझ्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाड्या पुष्कळ होत्या. तरी मी इथे मानाने उभी आहे. त्याचे कारण ऐका.

हारबॉटल मोटर्स हा माझा कारखाना. कारखाना म्हणजे बटाटे साठवायची जुनी वखार, भोवती कोबीची शेते आणि आत अकरा माणसे. वर्षाला चाळीस गाड्या होत. मोठ्या कंपन्यांच्या आवारात तेवढ्या गाड्या दुपारच्या जेवणाआधी तयार होतात. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचे, तर त्याच जातीच्या ठरावीक गाड्या आधी रस्त्यावर विकलेल्या असाव्या लागत. माझ्या भावंडांना ग्राहक मिळाले, म्हणून मला शर्यतीचे दार उघडले.

माझे अंग घडवले डेस पॅस्क यांनी. ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून ते लाकडी हातोड्याने ठोकत, बोट फिरवून बघत, पुन्हा ठोकत. त्यांच्या खिशात पोलादी पट्टी असे, पण ती बहुधा चहा ढवळायलाच बाहेर निघे. दार चौकटीत अलगद बसेपर्यंत घासायचे आणि बसले की आतल्या बाजूला खडूने गाडीचे टोपणनाव लिहायचे, ही त्यांची रीत. माझ्या दारावर 'मॉड' लिहिले होते. तीन आठवड्यांनी झालेल्या माझ्या बहिणीच्या दारावर 'पर्ल'.

डेस तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. तीस वर्षे गाड्या घडवूनही त्यांची एकही गाडी फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली नव्हती. त्या वर्षी संयोजकांनी कळवले, की सप्टेंबरमधली सहा तासांची शर्यत पूर्ण करा, पुढच्या जूनचे आमंत्रण मिळेल. पूर्ण करणे म्हणजे विजेत्याच्या निदान तीन चतुर्थांश फेऱ्या मारणे आणि शेवटचा झेंडा पडताना धावत असणे. जूननंतर डेस निवृत्त होणार होते. त्यांच्यासाठी ही एकच संधी होती.

लहान कारखान्याची गाडी मोठ्यांपुढे टिकते कशी, असे तुम्हाला वाटेल. यात जादू नाही. मी वजनाने हलकी. हलकी गाडी पेट्रोल कमी पिते, टायर कमी झिजवते, म्हणून ती कमी वेळा थांबते. मोठी गाडी प्रत्येक फेरीत जे कमावते, त्यातले बरेच ती थांबण्यात घालवते. शिवाय फारच पुढे जाणाऱ्या गाडीत संयोजक शिशाची वजने ठेवायला लावतात. त्यामुळे सहा तासांच्या अखेरीला ससा आणि कासव बरेच जवळ आलेले असतात.

पण त्या दिवशी दुसऱ्या तासातच माझा पाण्याचा पंप फुटला आणि पाऊण तास गेला. तो कसाबसा भरून काढत होतो, तेवढ्यात एका वळणावर एक चंदेरी गाडी माझ्या उजव्या अंगाला घासून गेली. माझे दार उपटून गवतात पडले. आत बसलेले बर्केट हे आमचे हौशी चालक, एरवी दातांचे डॉक्टर. ते मला तशीच उघडी घेऊन दुरुस्तीच्या थांब्यावर आले.

दाराशिवाय धावायला बंदी होती. पण आमच्याकडे सुटे दार होते. दोघांनी ते धरले, बिजागऱ्या लावल्या आणि ढकलले. मागची कड चौकटीवर आपटून परत आली. पुन्हा ढकलले. पुन्हा तेच.

डेसनी दार उलटे करून आत पाहिले. खडूची अक्षरे होती, 'पर्ल'.

"हे तिचं दार आहे," ते हळूच म्हणाले.

"तिचंच काढून आणलंय!" आमच्या मालकीण रॉझ हारबॉटल ओरडल्या. "दोन्ही गाड्या एकसारख्या आहेत ना, डेस?"

"दिसायला आहेत, पोरी."

"निघायच्या आधी कुणीच लावून पाहिलं नाही?"

अकरा माणसांच्या त्या वखारीत प्रत्येक दाराला आपली गाडी होती. एकीचे दार दुसरीला लावून पाहायची वेळच कधी आली नव्हती. हाताने ठोकलेल्या दोन पत्र्यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडणारच. इथे आठ पडला होता. शेजारच्या थांब्यावर मोठ्या कंपनीच्या लोकांनी त्या चंदेरी गाडीचे दार चाळीस सेकंदांत बदलले.

रॉझबाईंनी पाटीवर हिशेब मांडला. विजेत्याचा वेग पाहता आम्हाला एकशे अठ्ठावीस फेऱ्या हव्या होत्या आणि एकशे एक झाल्या होत्या. एक फेरी सव्वादोन मिनिटांची, म्हणजे सत्तावीस फेऱ्यांना एकसष्ट मिनिटे. शर्यतीची उरली होती बहात्तर.

"अकरा मिनिटं, डेस. त्यात होतंय का सांगा. नाहीतर जून विसरा."

डेसनी कानस उचलली, दाराच्या कडेवर चारदा फिरवली आणि ते थांबले. दार घासायला अर्धा तास लागला असता.

"डेस," आतून बर्केट म्हणाले, "एवढ्या वेळात मी तीन दाढा काढतो."

"तुमचे पेशंट ओरडतात, डॉक्टर. पत्रा ओरडत नाही, म्हणून तो कुठे दुखतोय ते शोधावं लागतं. आता गप बसा आणि डावीकडे सरका."

मग ते माझ्या चौकटीच्या खांबापाशी आले. तयार गाडीवर हातोडा उचलायचा नाही, हा त्यांचाच नियम. शिकाऊ मुलांना त्यावरून ते फार बोलत.

"दार गाडीला बसत नाही ना?" ते म्हणाले. "मग गाडी दाराला बसवू."

त्यांनी लाकडी ठोकळा माझ्या खांबाला टेकवला आणि मोठा हातोडा हाणला. मित्रांनो, ज्या हातांनी मला गोंजारून घडवले, त्याच हातांचे ते घाव होते. एक, दोन, पाच, नऊ. प्रत्येक घावानंतर ते बोट फिरवत. मग म्हणाले, "लावा."

खटका टक्क असा वाजला.

शर्यतीचा तपासनीस समोर उभाच होता. "आतून उघडा. बंद करा. बाहेरून उघडा." दोन्ही वेळा दार उघडले. जरा जड, पण उघडले. दहा मिनिटे चाळीस सेकंद झाली होती.

"डॉक्टर, एकही चूक नको!" रॉझबाई म्हणाल्या.

बर्केटांनी चूक केली नाही. एरवी ते वळणावर घाबरून ब्रेक लवकर दाबत. त्या तासात मात्र त्यांनी मला माझ्या पद्धतीने वाहू दिले. एकशे अठ्ठाविसावी फेरी पुरी करत आम्ही रेषा ओलांडली, तेव्हा झेंडा पडत होता. आम्ही खालून दुसरे आलो. डेस थांब्याच्या भिंतीवर बसून रुमालाने चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

जूनमध्ये आम्ही फ्रान्सला गेलो. निघण्याआधीचे आठ दिवस डेसनी प्रत्येक सुटा भाग मला लावून पाहिला. दारे, दिवे, काचा, अगदी पेट्रोलचे झाकणसुद्धा. पट्टी त्यांच्या खिशातून मापासाठी निघालेली मी तेव्हा प्रथमच पाहिली. चोवीस तास मी धावले आणि ते जागे राहिले.

आता माझे धावणे संपले आहे. मध्ये काही वर्षे मी ताडपत्रीखाली धूळ खात होते. हल्ली काही तरुण माणसे मला पुन्हा नवी करत आहेत. रंग द्या, टायर बदला, मला आनंदच आहे. पण मित्रांनो, वस्तू जपणे म्हणजे तिला नुसते चकचकीत करणे नव्हे. तिच्या सुट्या भागांची चौकशी करा, गरज पडायच्या आधी ते एकदा लावून पाहा. आणि माझ्या उजव्या खांबावर नऊ ठोक्यांचे खळगे आहेत. कुणी ते भरून गुळगुळीत करू लागला, तर कृपा करून त्याचा हात धरा.