द्रौपदीने दिलेलं उत्तर

भांडुपच्या टेकडीवर महिला मंडळाची एक खोली होती. तिथे दर दुपारी मनाच्या आजारातून सावरणारी माणसं जमत. कुणी पाकिटं चिकटवी, कुणी नुसतंच खिडकीशी बसून राही. त्यांच्या सोबतीला येणाऱ्या बायकांत द्रौपदी होती. बाळंतपणानंतर तिला नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा ती काही महिने इस्पितळात होती आणि मग याच खोलीत पेशंट म्हणून आली होती. बरी झाली, पण खोली काही सुटली नाही. चाळीत मात्र सासूने सांगून ठेवलं होतं, "तेवढे महिने सून जालन्याला माहेरी होती."

१९८६ साली दिल्लीहून निरोप आला. मंडळाच्या स्वयंसेविकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि तो घ्यायला दोघींनी यायचं होतं. सगळ्यांनी मंडळ चालवणारी सुगंधाताई आणि द्रौपदी यांची नावं घेतली. द्रौपदी मोरीत कप विसळत होती, तेवढ्यात खोलीतल्या पेशंटना तपासायला येणाऱ्या डॉक्टर चंद्रप्रकाशांचा दबका आवाज तिच्या कानावर पडला.

"गर्दी, कॅमेरे... द्रौपदीबाईंना झेपेल का? तिथे काही झालं तर?"

"मग इतकी वर्षं आपण लोकांना काय सांगतोय, डॉक्टर?" सुगंधाताई फटकन म्हणाली.

द्रौपदी पदराला हात पुसत बाहेर आली. "भीती मलापण वाटते, डॉक्टर. पण मला विचारा ना. माझ्यामागे कशाला ठरवता?"

डॉक्टर ओशाळले. "चुकलं माझं. जाणार का तुम्ही?"

"जाणार. गोळ्या बरोबर घेईन."

दिल्लीत दोघींना व्यासपीठावर बोलावलं. सुगंधाताईच्या दंडाला धरून द्रौपदी वर गेली आणि टाळ्यांच्या गजरात नीट खाली आली. खाली एका मराठी वर्तमानपत्राचा बातमीदार उभा होता. त्याने कौतुकानेच विचारलं, "बाई, वेड्यांची सेवा करताना भीती नाही वाटत?"

हसून वेळ मारून नेता आली असती. द्रौपदीला चाळ आठवली, सासू आठवली. मग खोलीत खिडकीशी बसून राहणारी माणसं आठवली.

"मी त्यांच्यातलीच आहे," ती म्हणाली. "वेडी नव्हते, आजारी होते. औषधाने बरी झाले. असं लिहा."

त्याने तसंच लिहिलं, वर फोटोही छापला. चाळीच्या नळावर एका बाईने आपलं पोर द्रौपदीजवळून ओढून घेतलं. नवरा, भीमराज, घरात घुम्यासारखा वावरायला लागला. अखेर एका रात्री जेवताना म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतास."

सकाळी तो हंडा उचलून स्वतः नळावर गेला आणि सगळ्या बायकांच्या रांगेत उभा राहिला. त्या दिवसापासून नळावरची कुजबूज थंडावली. संपली असं नव्हे.

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या चाळीतली सोनूबाई खोलीच्या दाराशी येऊन घुटमळली. "पेपरातली बाई तूच ना गं? माझा भाऊ, लवू... आम्ही त्याला कोंडून ठेवलंय. कुणाला म्हणून सांगितलं नाही."

द्रौपदीने पायात चपला सरकवल्या. "चल, आधी त्याला भेटू. मग डॉक्टरांना बोलवू."

सोनूबाईने कडी काढली. आत लवू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. द्रौपदी आत गेली नाही, उंबऱ्याशीच थांबली.

"मी द्रौपदी," ती म्हणाली. "बसू का जरा इथे?"

लवूने हळूच मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.