हजर नसलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी लाल किल्ली आहे. जुनी असले तरी झिजलेली नाही, कारण उभ्या आयुष्यात मी मोटारसायकलच्या कुलपात फार तर दहा-बारा वेळा गेले असेन. माझ्या दोघी काळ्या बहिणी मात्र रोज राबत. मला मान होता, काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही होता.

आम्ही तिघी एकाच कारखान्यात जन्मलो. यंत्राने आमचे दात कापले, डोक्यावर प्लास्टिकची टोपी बसवली आणि टोपीच्या आत तांदळाएवढा काचेचा एक दाणा ठेवला. हा दाणा म्हणजे आमची जीभ. किल्ली कुलपात फिरली की गाडी आधी विचारते, "कोण?" दाणा आपला आकडा सांगतो. आकडा गाडीच्या यादीत असला तर समोरचा तांबडा दिवा विझतो आणि इंजिन सुरू होतं. नसला तर दिवा भराभर लुकलुकत राहतो, मग तुम्ही डोकं आपटलंत तरी गाडी ढिम्म हलत नाही. चोराने हुबेहूब दात कापून आणले तरी त्याची डाळ शिजत नाही ती यामुळेच.

यादीत कुणाला घ्यायचं हे मात्र लाल किल्लीच ठरवते. आधी मी कुलपात फिरते, मग एकेक काळी किल्ली फिरते, शेवटी पुन्हा मी फिरते आणि यादी बंद होते. यात एक मेख आहे. नवी यादी सुरू झाली की जुनी सगळी पुसली जाते. त्या वेळी जी किल्ली हजर नसेल, ती गाडीच्या लेखी कधी नव्हतीच.

आम्हाला घरी आणलं ते दादाने. दादा पंप दुरुस्त करायचा. तीन वर्षांची बचत घालून त्याने ही गाडी घेतली. विक्रेता म्हणाला, "लाल किल्ली रोज वापरू नका. काळी हरवली तर लालवरून नवी करता येते. लाल हरवली तर बसा बोंबलत." दादा हसला, पण त्याच्या आईने ते मनावर घेतलं. तिने मला बटणांच्या डब्यात ठेवलं आणि डबा जिन्याखालच्या फळीवर. गाडी त्याच फळीखाली उभी असायची, त्यामुळे तिचा प्रत्येक प्रश्न आणि बहिणीचं प्रत्येक उत्तर मला डब्यात बसून ऐकू येई. एक काळी बहीण दादाच्या खिशात गेली. दुसरी बाबांकडे, म्हणजे दादाच्या वडिलांकडे राहिली. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासत. घरात दादाची धाकटी बहीणही होती, तेव्हा कॉलेजात शिकणारी. सगळे तिला धाकटीच म्हणत.

चार वर्षं सुखाची गेली. मग एका दिवशी तळ्याकाठच्या पंपघरातून बोलावणं आलं. न्यायला टेम्पो आला होता, म्हणून दादाने गाडी घरीच ठेवली. किल्ली मात्र सवयीने खिशात राहिली. "दोनपर्यंत जेवायला येतो," असं आईला सांगून तो गेला, आणि परत आलाच नाही. पंपघराच्या पायरीवर त्याची हत्यारांची पिशवी मिळाली. माणसांनी आठ दिवस तळं ढवळलं. हाती काही लागलं नाही.

"सापडला नाही म्हणजे गेला नाही," आई म्हणाली. त्यानंतर ती या एका वाक्याच्या आधारावर जगत राहिली. गाडी विकायचा विषय निघाला की ती उठून आत जायची. तो येईल, किल्ली फिरवेल आणि गाडीने त्याला ओळखलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. बाबा दर रविवारी त्यांच्या काळ्या किल्लीने गाडी पाच मिनिटं चालू ठेवत, कुलपात तेलाचे दोन थेंब सोडत, हँडल डावीकडे वळवून लॉक करत आणि वर कापड टाकत.

आठेक महिन्यांनी पहिली गोष्ट घडली. भर दुपार होती. बाबा दुकानात, धाकटी कॉलेजात, आई वर आडवी झालेली. जिन्याखाली कुणाची चाहूल नव्हती, दाराची कडी वाजली नव्हती, आणि एकाएकी गाडीने विचारलं, "कोण?"

उत्तर आलं. माझ्या बहिणीचा आवाज, दादाच्या खिशातल्या काळीचा. तिचा आकडा मला माझ्या आकड्याइतकाच पाठ आहे, यात चूक होणं नाही. पण एरवी ती खणखणीत बोलायची, या वेळी तोंडात घोट धरून बोलल्यासारखी बोलली. गाडीने तिला ओळखलं, दिवा विझला. इंजिन काही कुणी सुरू केलं नाही. थोड्या वेळाने सगळं शांत झालं.

संध्याकाळी आई खाली आली तर हँडल सरळ होतं. किल्लीशिवाय ते सरळ होत नाही. बाबा म्हणाले, "मीच विसरलो असेन लॉक करायला." दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी दाराची कडी काढून ठेवू लागली.

ती पहिली दुपार धरून दोन वर्षांत असं नऊ वेळा झालं. दर वेळी दुपारी दोनच्या सुमाराला, दर वेळी न उघडलेल्या दारातून. मला भीती वाटायची. मित्रांनो, भीतीबरोबर आनंदही वाटायचा हे लपवत नाही, कारण बहिणीचा आवाज ऐकायला मिळायचा. मी हाक मारायचा प्रयत्न करी, पण किल्ली ही जातच अशी की गाडीने विचारल्याशिवाय तिला बोलता येत नाही.

शिक्षण संपून धाकटीला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. भल्या सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि ते गरम व्हायच्या आत पोचवायचे. पायी होणारं काम नव्हे. आईने कशीबशी परवानगी दिली आणि धाकटी बाबांच्या किल्लीने दादाची गाडी चालवू लागली. दुपारी ती घरी गाडी लावून जेवायला येई. एका महिन्यात त्या बिचाऱ्या किल्लीची मान कुलपातच मोडली. आता उरले मी एकटी. धाकटीने मला डब्यातून काढलं आणि बाबांना सोबत घेऊन किल्लीवाल्याकडे गेली.

किल्लीवाला डोळ्याला भिंग लावून बसणारा, गप्पिष्ट म्हातारा. त्याने चिमट्याने मोडका तुकडा काढला, दोन कोऱ्या किल्ल्यांचे दात कापले आणि मला हातात घेऊन म्हणाला, "ही मालकीण आली म्हणजे काम फत्ते. पण आधी सांगा, घरात आणखी एखादी काळी आहे का? असली तर घेऊन या, मी थांबतो. इथे नसलेली कायमची बाद होते."

धाकटीने बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसायला लागले.

"नाही," धाकटी म्हणाली. "एवढ्याच."

"नक्की? लोक नंतर येतात रडत."

"सांगितलं ना, दुसरी नाही."

तिचं तरी काय चुकलं? दादाची किल्ली मागायला ती कुठे जाणार होती? आणि दोन वर्षं दाराची कडी काढणाऱ्या आईकडे बघून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. कुठेतरी एकदा संपू दे, असं तिला वाटलं असेल. पण ती कुलपात फिरवत होती ती मला. मी फिरले. दोन नव्या, अनोळखी पोरी फिरल्या. शेवटी पुन्हा मी फिरले आणि यादी बंद झाली. माझ्याच तोंडाने मी माझ्या बहिणीला घराबाहेर काढलं. घरी आल्यावर आईला कुणीच काही सांगितलं नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी दुपारी धाकटी गाडी लावून वर जेवायला गेली. मी पुन्हा डब्यात होते. गाडीने विचारलं, "कोण?" बहिणीने आकडा सांगितला. गाडी गप्प राहिली आणि दिवा भराभर लुकलुकू लागला. पुन्हा किल्ली फिरली, पुन्हा तोच आकडा. पुन्हा लुकलुक. तिसऱ्या वेळी बहीण इतकी हळू बोलली की मलाही नीट ऐकू आलं नाही. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, अगदी डब्याखालून, माणसाचा आवाज आला. दादाचा.

"ओळखलं नाहीस?" एवढंच तो म्हणाला.

मी डब्यात जीव तोडून ओरडत होते, पण मला विचारतंय कोण?

पाण्याचा ग्लास खाली पडावा तसा आवाज झाला आणि आई धावत जिना उतरली. गाडीवरचं कापड बाजूला पडलं होतं, दिवा अजून लुकलुकत होता आणि कुलपात एक काळी किल्ली लटकत होती. टोपी उडालेली, दातांना गंज. खाली फरशी ओली होती. आई तशीच रस्त्यावर पळाली. समोरच्या दुकानात इस्त्रीवाली कपड्यांना इस्त्री करत होती.

"कोण गेलं गं आत्ता इथून?"

"कुणी नाही हो. सकाळपासून मी इथेच आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "अन् धाकटी आत गेल्यापासून तुमचं दार तर बंदच होतं."

आई परत आली तेव्हा धाकटी जिन्यात उभी होती. किल्ली बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आईने कुलपातली किल्ली काढून घेतली. बराच वेळ ती किल्ली पदराने पुसत राहिली.

"मग आता परत घालून आणू यादीत," ती म्हणाली. "चल." तिने मला डब्यातून काढलं आणि वाटेत बाबांनाही दुकानातून सोबत घेतलं.

किल्लीवाल्याने भिंगाखाली किल्ली धरली, उडालेल्या टोपीच्या जागी सुई घातली आणि वाळलेला गाळ बाहेर काढला. गाळच निघत राहिला. अखेर त्याने सुई ठेवली.

"ही पुष्कळ दिवस पाण्यात होती. यात दाणाच नाही, बाई. ही बोलणार कशी? गाडीने हिला कित्येक वर्षांत ओळखलेलं नसणार."

बाबा तो गाळ बोटावर घेऊन बघत राहिले. धाकटी तोंडावर हात ठेवून रडू लागली, आवाज न करता. दादा तळ्यातच गेला होता, हे त्या दोघांना त्या दिवशी कळलं. मला मात्र आजवर उलगडा झालेला नाही. नऊ वेळा ती माझ्यासमोर बोलली आणि गाडीने तिला ओळखलं. त्या शेवटच्या दुपारी तीन वेळा बोलली. जीभ नसलेली किल्ली बोलली, हे मी या कानांनी ऐकलं आहे.

"नवा दाणा घाला," आई म्हणाली.

किल्लीवाला काही बोलणार होता. पण आईकडे बघून त्याने नवा दाणा घेतला, गंजक्या किल्लीला नवी टोपी बसवली आणि यादी पुन्हा लावून दिली. पैसे घेतले नाहीत.

मित्रांनो, सुटी किल्ली करून घ्यायची ती पहिली किल्ली हरवण्याआधी, हे तर शहाणपण आहेच. माझी विनंती वेगळी आहे. नवी यादी लावायला जाल तेव्हा घरातली प्रत्येक किल्ली आठवा. एखादी हाताशी नसेल, तर ती कुणाकडे आहे ते मोठ्याने सांगा, आणि तिची वाट बघणाऱ्या माणसाला आधी विचारा. विसरायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. आमच्यासारख्या वस्तूंना सांगितलं तेवढंच येतं.

ती किल्ली आता गाडीजवळ खिळ्याला टांगलेली असते. रोज दुपारी दोनला आई जिन्याखाली येते, किल्ली फिरवते, दिवा विझतो. "बघ, आता ओळखते हं," ती दाराकडे बघून सांगते आणि थोडा वेळ पायरीवर बसते. किल्लीचे दात माझ्या बहिणीचे आहेत, आवाज परक्याचा आहे. तो फरक आईला ऐकू येत नाही. दादा त्यानंतर आलेला नाही.