मुलानं पाठवलेला कॅमेरा

मुलगा पांजी जपानला मासळीच्या कारखान्यात लागल्यापासून गल्लीतल्या भिशीत लास्त्रीला एकच प्रश्न विचारला जाई. तोही चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आधी.

"मग, काय पाठवलं लेकानं?"

विचारणारी बहुतेक वेळा बू तुतिक, म्हणजे तुतिकबाई, असे. तिच्या मुलीनं तैवानहून मालिश करणारी खुर्ची पाठवली होती. त्या खुर्चीत गल्लीतली प्रत्येक बाई एकदा तरी थरथरून आली होती. लास्त्री दोनदा.

पांजी पाठवायचा तो नुसता फोनवरचा आवाज. "आई, इथं थंडी फार. आई, बोटं सुजलीत. पुढच्या महिन्यात नक्की पाठवतो, आई." लास्त्री म्हणायची, "तू आधी हातमोजे घे रे राजा." आणि भिशीत म्हणायची, "निघालंय पार्सल. जपान काय इथं आहे?"

असं ते पार्सल वर्षभर निघालेलंच होतं. शेवटी भिशीच्या दिवशी सकाळी लास्त्री उठली आणि सोलो शहरातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेली. तिथं ओळखीचं कुणी भेटलंच, तर दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही असं करायचं, एवढी रीत सगळ्यांना ठाऊक असते.

कॅमेरेवाल्यानं एक चंदेरी, मुठीत मावणारा डिजिटल कॅमेरा तिच्या हातात दिला. भिंग आधीच बाहेर आलेलं.

"हल्ली पोरींना हेच हवेत, बू. मोबाईल नको म्हणतात. फोटो जरा धूसर येतात ना, त्याचंच वेड."

"मग दामही जरा धूसर लावा. जपानी आहे ना नक्की?"

"खाली लिहिलंय की."

खाली लिहिलं होतं. लास्त्रीनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग रिवाजाप्रमाणे नावं ठेवायला सुरुवात केली. "कडेला घासलाय. आणि वास कसला हा? तांदळाचा?"

"शिस्तीच्या बाईंचा आहे. दमट हवेनं काचेला बुरशी धरू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. विकताना डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या."

"त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचे पैसे मी का देऊ?" लास्त्री म्हणाली, आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूष होऊन चालू लागली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यानं हाक मारली. मारायचीच असते. कॅमेरा तिच्या भावात तिला मिळाला.

घरी तिनं तो एकदा बंद करून उघडून पाहिला. उघडला. मग बॅटरी कशाला वाया घालवायची म्हणून रेशमी रुमालात गुंडाळून ठेवला.

भिशी बू तुतिकच्या घरी होती. केळीच्या पानातला चिकट भात फिरला, गोड चहा फिरला, आणि प्रश्न यायच्या आत लास्त्रीनं रुमाल सोडला.

"पांजीनं पाठवला."

"अगंबाई! पोचलं एकदाचं पार्सल!"

"बघू, बघू! केवढासा आहे!"

"लेक असावा तर असा. चला, आधी सगळ्यांचा फोटो. बू ताती, तुम्ही मागे व्हा, तुमच्यामागे आम्ही दिसायच्या नाही."

बायका रांगेत बसल्या, डोक्यावरचे रुमाल नीट केले, पोटं आत घेतली. लास्त्रीनं बटण दाबलं. झिर्र झालं, आणि भिंग अर्ध्यावर येऊन अडकलं. तिनं पुन्हा दाबलं. ते आतही जाईना, बाहेरही येईना.

"जपानी कासव आहे वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"माझी खुर्ची कशी, बटण दाबलं की चालू," बू तुतिक म्हणाली.

बायकांना पोटं आत धरवेनात. लास्त्री बटण दाबतच राहिली. तेव्हा बू मार्सिनी उठली.

मार्सिनी लास्त्रीच्या शेजारची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. भिशीच्या पैशांचा डबा वर्षानुवर्षं तिच्याच कपाटात. नवरा ईदपासून अंथरुणाला खिळलेला, पण कुणी विचारलं की "ठीक आहे आमचं," एवढंच. कॅमेऱ्याचा रुमाल सुटल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. हातातला भात पानासकट तसाच होता.

"द्या इकडे," ती म्हणाली. तान्ह्या मुलाची ढेकर काढावी तशी तिनं खालून तळव्यानं हलकी थाप मारली आणि त्याच क्षणी बटण दाबलं. भिंग निमूट बाहेर आलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लास्त्रीचे हात मात्र हललेच नाहीत. तिला तांदळाचा वास आला. शिस्तीची बाई. डोळ्यांत पाणी.

"थांबा हं," बू तुतिक म्हणाली. "अशीच थाप! गल्लीतल्या फित्रीच्या लग्नात तुमच्याकडे असाच कॅमेरा होता, बू मार्सिनी. त्यालाही तुम्ही अशीच थाप मारायचा. कुठंय तो?"

"घरी आहे," मार्सिनी म्हणाली. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेलं. तिला खोटं बोलणं नीट जमलं नाही.

तुतिकची नजर कॅमेऱ्यावरून मार्सिनीवर गेली आणि परत कॅमेऱ्यावर आली. लास्त्रीला पुढचं सगळं दिसलं. या गल्लीत तोंडावर कुणी काही बोलत नाही. पुढच्या महिन्यात कुणीतरी अगदी मायेनं म्हणेल, 'बू मार्सिनी, तुम्ही दमत असाल. डब्याचा भार आता दुसरीनं घ्यावा.' घरातल्या वस्तू विकणाऱ्या बाईच्या कपाटात दुसऱ्यांचे पैसे कोण ठेवतं?

आणि आपण जुना घेतला म्हणून सांगावं, तर पुढचा प्रश्न, कुणाचा?

"त्यांचाच आहे तो," लास्त्री म्हणाली.

"काय?"

"मी मागून आणलाय. पांजीनं काही पाठवलेलं नाही. म्हटलं, एक दिवस मिरवावं. मी असं काही बोलणार आहे हे बू मार्सिनींना ठाऊकही नव्हतं. बिचाऱ्या माझी लाज राखायला गप्प बसल्या."



"म्हणजे," बू तुतिक सावकाश म्हणाली, "पार्सल अजून निघालेलंच आहे तर."

बायका हसल्या, पण थोड्याच. पोटभर हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बू तातीनं कुरकुरीत पापडांची बशी लास्त्रीकडे सरकवली, आजाऱ्याला सरकवतात तशी. फोटो मार्सिनीनं काढला. लास्त्री कडेला बसली आणि सांगितल्यावर हसली.

निघताना सगळ्यांच्या देखत मार्सिनीनं कॅमेरा हातात धरला. काय करावं ते तिला कळेना.

"न्या ना," लास्त्री म्हणाली. "उपकार झाले तुमचे." स्वतः विकत घेतलेल्या कॅमेऱ्याबद्दल तिनं मान लववून आभार मानले. मार्सिनीनं तो पिशवीत टाकला. तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी पांजीचा फोन आला. "भिशी कशी झाली, आई?"

"मस्त. फोटो काढले."

"मी काही पाठवत नाही म्हणून कुणी काही..."

"तुला कोण विचारतंय तिथं! हातमोजे घेतलेस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी मार्सिनी उभी होती. हातात पत्र्याचा डबा.

"गावाकडून तांदूळ आलाय. म्हटलं, थोडा द्यावा."

"अहो, कशाला? तुमच्याच घरी..." लागेल, असं लास्त्रीच्या तोंडात आलं होतं. तिनं ते गिळलं. डबा घेतला. तांदूळ काठोकाठ होता आणि तांदळाच्या मानानं डबा जड होता. तिनं बोटं आत खुपसली. खोलवर काहीतरी गुळगुळीत आणि गार लागलं.

दोघीही परसातल्या कोंबड्यांकडे बघत होत्या.

"पुढच्या भिशीच्या आदल्या दिवशी हा डबा न्यायला येईन," मार्सिनी म्हणाली. "आतली वस्तू तिथं माझ्याच हातात दिसायला हवी ना आता."

"तुम्ही कशाला येता, मीच आणून देईन. रिकामा नाही देणार."

मार्सिनी कुंपणापर्यंत गेली आणि वळली. "थाप खालून मारायची. अगदी हळू. जोरात मारली की रुसतो तो." एवढं बोलताना तिचे डोळे पुन्हा भरले, आणि ती भराभर निघून गेली.

लास्त्रीनं हाक मारायला तोंड उघडलं. पण बाजारात या पाण्यावरून आपण काय बोललो ते सांगून मार्सिनीला काय मिळणार होतं? तिनं तांदूळ वरून सारखा केला, झाकण लावलं, आणि डबा चुलीपासून लांब, कोरड्या जागी ठेवला.