शर्टापुरतं कापड

बटण पांढरं होतं, चार भोकांचं, आणि त्याच्यात निळा दोरा अजून तसाच अडकलेला होता... पडदे शिवण्याच्या टेबलावर ती ते बोटाने गरगर फिरवत होती. निळ्या रेघांच्या शर्टाचं, गळ्यापाशी असतं ते सगळ्यांत वरचं बटण. बाबा ते कधी लावायचे नाहीत, गुदमरल्यासारखं होतं म्हणायचे, म्हणून शर्ट विटला तरी याचा दोरा नव्यासारखा राहिला. सकाळी कामाला निघताना तिने ते बटणांच्या डब्यातून सहज उचललं होतं. सहज कसलं — सहलीला गेल्यावर तिकडच्या दुकानदाराला हेच दाखवून विचारायचं होतं, की या बटणाशेजारी शोभेल असं, या दोऱ्याच्या रंगाच्या रेघांचं कापड आहे का तुमच्याकडे.

"तुमचं विमान उतरलं असेल तर त्या हॉलच्या पडद्याकडे बघा," मालकीणबाई म्हणाल्या, "चुण्या कमी पडतायत."

तिने बटण मुठीत घेतलं. चुण्या खरोखरच कमी होत्या. कापड मोजताना हल्ली तिचं असं व्हायचं. खिडकी समोर असायची आणि मन परदेशातल्या, कधी न पाहिलेल्या एखाद्या दुकानातल्या फळीवरून ताग्यांमागून तागे खाली काढत असायचं.

सहल दादाने ठरवली होती. बाबा ज्या देशात जन्मले, चौदा वर्षांचे होईपर्यंत वाढले आणि जिथून शिकायला म्हणून चुलत्याकडे इकडे पाठवले गेले ते परत कधी गेलेच नाहीत, तिथे जायचं. त्यांचं घर, शाळा, नदीचा घाट बघायचा आणि मुख्य म्हणजे आत्याला भेटायचं. आत्या बाबांची थोरली बहीण, आता बिछान्याला खिळलेली. दादाने रस्ता आखला आणि त्या रस्त्यावर तिने कापडाची दुकानं पेरायला सुरुवात केली. आधी एक, मग वाटेतल्या प्रत्येक गावात एकेक, मग वाट वाकडी करूनसुद्धा. ती गोधड्या शिवते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे संशय कोणालाच आला नाही. कंटाळा मात्र आला.

दुपारी डबा उघडायच्या आतच दादाचा फोन. "अगं, आणखी एक दुकान? आपण बाबांचं गाव बघायला चाललोय की लग्नाचा बस्ता बांधायला? दिवसभर कापडात बसतेस आणि कापड हुडकायला समुद्र ओलांडणार. काखेत कळसा नि गावाला वळसा."

"तिकडची सुती कापडं वेगळी असतात," ती म्हणाली.

"असतील बाई. आत्याचा शर्ट तेवढा विसरू नकोस. कालही विचारत होती."

तिने डबा न उघडताच बाजूला सारला. गेल्या आठवड्यात व्हिडिओवर आत्याचा चेहरा दिसलाच नव्हता, फोन कानाला लावल्यामुळे पडद्यावर नुसता सुरकुतलेला कान आणि पांढरे केस. "मला काही आणू नकोस गं. त्याचा एक शर्ट आण, अंगातला. फोटो नकोत. फोटोत तो कोणाचा तरी बाप दिसतो." आणि तिच्या खांद्यामागून दादा, उचलली जीभ लावली टाळ्याला — "शर्ट ना? हिच्याकडे सगळेच आहेत, आत्या. जिवापाड जपलेत." तीही हो म्हणून मान हलवून बसली.

जपलेत... कापून जपलेत. बाबा गेल्यावर दादा म्हणाला होता, कपडे कोणाच्या तरी उपयोगी पडू देत. तिने ते सगळे घरी आणले आणि एका दुपारीत एकूण एक शर्ट कापले. डोळे कोरडे, कात्री मात्र थांबत नव्हती. गोधडीसाठी, असं तिने स्वतःला सांगितलं. पण गोधडीला एवढे कुठे लागतात? रस्त्यातून जाताना कोणा परक्याच्या अंगात तो निळ्या रेघांचा शर्ट दिसला असता तर मी वेडी झाले असते. माझे बाबा माझ्याजवळ राहावेत एवढंच मला हवं होतं, दादाजवळही नाही, कोणाजवळच नाही. आत्या मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही. आणि निळ्या रेघांचं कापड तर तिनेच कोणाबरोबर तरी पाठवलेलं होतं.

म्हणून दुकानं. तसलंच कापड मिळालं की आत्याकडे पोचायच्या आत, रात्री मुक्कामावर शर्ट हाताने शिवायचा, धुऊन धुऊन विटवायचा, वर जुनी कॉलर चढवायची. गोधडीत कॉलरी बसत नाहीत, म्हणून तेवढ्या उरल्या होत्या, घामाच्या पिवळट रेषेसकट. कॉलर खरी, बटणं खरी, मधला माणूस तेवढा खोटा. आत्याला आता धड दिसतही नाही... या विचाराची तिला रोज लाज वाटे आणि रोज तो विचार येई.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने गोधडी पलंगावर पसरली. दादाचं बोलणं दिवसभर कानात घोळत होतं. काखेतला कळसा हा काय, समोर होता. निळ्या रेघांचे सगळे तुकडे इथेच होते, चार दिशांना पांगलेले. ते उसवले तर? उसवून पुन्हा जोडले तर ठिगळाठिगळांचा का होईना, खरा शर्ट होईल. गोधडीची मात्र चाळण होईल. ती नको म्हणत राहिली आणि वर्तमानपत्र जमिनीवर अंथरून मापं मांडत राहिली.

प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी शिवणीत मुडपून जाणारी माया सोडायची, म्हणजे प्रत्येक जोडाला कापड थोडं थोडं आटणार. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या. तिने कागद कापला आणि तिला वाटलं, आपलं चुकलंय. पुन्हा मोजलं. चुकलं नव्हतं. कागदाचा शर्ट तिने खुर्चीच्या पाठीला लावून पाहिला. खांदे अरुंद, बाह्या आखूड; बाबांच्या निम्म्या अंगालाही तो पुरला नसता. चौदा वर्षांच्या पोराला मात्र अगदी बेताचा झाला असता.

ती खाली बसली. बोटीवर चढवताना आत्याने याच खांद्यांवर हात ठेवला असेल. तेव्हा बाबा कोणाचेच बाबा नव्हते. वरचं बटण लाव म्हणाली असेल, आणि त्याने लावलं असेल की तेव्हापासूनच गुदमरत होतं... कोणाला विचारणार? ज्याला इतकं घट्ट धरून ठेवलं त्याला आपण अर्ध्यातूनच ओळखत होतो, हे तिला आत कुठेतरी दुखलं, आणि त्या दुखण्यात शर्टाचं खोटं पकडलं जाण्याची भीती कुठे गेली ते कळलंच नाही. गोधडीचा काठ तिने दोन्ही हातांनी धरला होता. उसववेना, सोडवेना.

खुर्चीवर कागदाचा शर्ट पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. या मुलाला ती कधी भेटलीच नव्हती. त्याला पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते शर्टाची वाट पाहत होतं.